तत्परतेची वीज : डेटा सेंटरच्या मोजमापांची चिकित्सा



विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारले, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा सर्व्हर आणि त्यांच्या थंडाव्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की यंत्र बांधणे हे इंजिनिअरचे काम. पण यंत्र 'चांगले' आहे असे कोणी म्हणाले, तर 'चांगले' म्हणजे काय हे विचारणे आमचे काम. डेटा सेंटरच्या बाबतीत हे 'चांगलेपण' दोन-तीन आकड्यांत सांगितले जाते. आज त्या आकड्यांची चिकित्सा करायची आहे.

एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. भाताची कणगी किती मोठी? आपण खंडीत सांगतो. ग्रंथालय किती मोठे? पुस्तकांच्या संख्येत सांगतो. पाण्याची टाकी लिटरमध्ये. साठवणीची जागा आपण नेहमी आत काय आणि किती मावते यावरून मोजतो. डेटा सेंटर मात्र मेगावॅटमध्ये मोजतात. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधांच्या यादीत घेण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी तशी अधिसूचना निघाली. त्यात पात्रतेची अट आहे किमान ५ मेगावॅट क्षमता. आत किती माहिती मावते, ती कोणाची, किती वेळा लागते, याचा उल्लेख नाही. ज्याला आपण कोठार म्हणतो त्याचे माप वीज आहे! हे विचित्र वाटले पाहिजे. आणि विचित्र वाटले की कारण शोधले पाहिजे.

कारण डिस्कमध्ये सापडते. सर्व्हरमधली जुन्या धाटणीची हार्ड डिस्क म्हणजे फिरणाऱ्या चकत्या. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तुम्ही एखादा फोटो मागितला, की वाचणारे टोक योग्य वर्तुळावर जाते आणि चकतीचा हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबते. सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. हे झाले ४ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. टोक हलायला आणखी काही मिलिसेकंद. म्हणून अशी डिस्क विखुरलेल्या मागण्या सेकंदाला शंभर-दीडशेच्या आसपासच पुऱ्या करू शकते. चिपवर साठवणारी नवी एसएसडी हेच काम सेकंदाला लाखो वेळा करते, कारण तिथे फिरण्यासारखे काही नाही.

आता विजेकडे बघा. मोठ्या क्षमतेची हार्ड डिस्क काम करताना साधारण ७ ते १० वॅट घेते. आणि काहीच काम नसताना? साधारण ५ वॅट. म्हणजे कोणी काही मागत नसले तरी निम्म्याहून जास्त वीज जातेच, कारण चकती फिरत ठेवावी लागते. चकतीवरची चुंबकीय खूण टिकायला वीज लागत नाही. डिस्क काढून कपाटात ठेवा, खूण वर्षानुवर्षे राहील. वीज जाते ती 'मागितल्याबरोबर देईन' या वचनासाठी. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे: डेटा सेंटरमध्ये साठवण स्वस्त आहे, महाग आहे ती तत्परता.

आमच्या विषयात याला एक सुंदर समांतर आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात स्मृतीची व्याख्या येते: केवळ संस्कारातून जन्मणारे ज्ञान ते स्मृती. अनुभव संपतो, मागे संस्कार उरतो. तो निजलेला असतो आणि काही निमित्त मिळाले की जागा होतो. सुपारीचा वास आला आणि आजोबांची पडवी आठवली, असे. त्या आधी पन्नास वर्षे ती पडवी आपल्या मनात सतत फिरत नव्हती. संगणकाच्या जगातही असा निजलेला संस्कार आहे बरे का. त्याचे नाव चुंबकीय टेप. फळीवर ठेवलेली टेप वीज घेत नाही. लागली की यंत्र ती उचलून लावते, एक-दोन मिनिटे जातात, आणि मग आठवण जागी होते. मोठमोठ्या कंपन्या आजही जुनी माहिती टेपवर ठेवतात. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. प्रश्न असा, की एक-दोन मिनिटे थांबायची तयारी कोणाची, आणि कशासाठी?

थोडा हिशेब मांडू. ८ वॅटची एक डिस्क वर्षभर चालू राहिली तर सुमारे ७० युनिट वीज घेते. एक प्रत हरवू नये म्हणून मोठ्या यंत्रणांत तीन प्रती ठेवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे २१० युनिट. थंडावा वगैरेसाठी त्यावर निम्मी वीज धरली तर ३१५. महिन्याला १०० युनिटच्या टप्प्यात बसणाऱ्या घराची ही तीन महिन्यांची वीज. पण न्यायाने बोलायचे तर पुढचे वाक्यही सांगितले पाहिजे. डिस्क २० टेराबाइटची असेल तर ४ मेगाबाइटचा एक याप्रमाणे तिच्यावर ५० लाख फोटो मावतात. प्रत्येक फोटोच्या वाट्याला येणारी वीज नगण्य आहे. तेव्हा 'एक फोटो पाठवलात की एवढे झाड तोडलेत' अशा धाटणीची विधाने आम्ही करणार नाही. ती दिशाभूल करतात.

तरीही बेरीज मोठी होते, कारण नगण्य गोष्टीची कोणी मोजदाद ठेवत नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच दाखवले होते. वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले तर कोळशाचा वापर घटेल असे वाटते. पण इंजिन स्वस्तात चालते म्हणून ते जागोजागी बसते आणि एकूण वापर वाढतो. फोटोचेही तेच. साठवण स्वस्त झाली, म्हणून आपण निवडणे सोडले.

आता थंडाव्याकडे. सर्व्हरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. १ मेगावॅटचे सर्व्हर म्हणजे १ मेगावॅटची शेगडी. ती उष्णता बाहेर काढावी लागते आणि त्यालाही वीज लागते. ही वरची वीज किती, हे सांगण्यासाठी एक माप आहे: पीयूई. ग्रीन ग्रिड या उद्योगसंघाने ते २००७ च्या सुमारास रूढ केले. व्याख्या सोपी आहे. केंद्राला लागणारी एकूण वीज भागिले सर्व्हर-डिस्क या यंत्रांना लागणारी वीज. उत्तर १ आले तर थंडावा फुकट. १.५ आले तर यंत्रांच्या १०० युनिटमागे वरचे ५० युनिट. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत जगाची सरासरी गेली काही वर्षे १.५ ते १.६ च्या दरम्यान अडकून आहे. गुगलसारखी कंपनी स्वतःची सरासरी १.१ च्या आसपास सांगते.

हे माप उपयोगी आहे, यात वाद नाही. त्याने उधळपट्टी उघडी पडली. पण माप एकदा ध्येय बनले की काय होते? दोन उदाहरणे घेऊ. आकडे आमचे, समजण्यापुरते.

पहिले उदाहरण. यंत्रांना १०० किलोवॅट लागतात, त्यातले ८ सर्व्हरच्या आतल्या छोट्या पंख्यांचे. थंडाव्याला वगैरे ५०. एकूण १५०, पीयूई १.५. व्यवस्थापकाने ठरवले, खोली थोडी गरम ठेवू. चिलरचे काम हलके झाले, ५० चे ४५ झाले. पण हवा गरम, म्हणून सर्व्हरचे पंखे जोरात फिरू लागले. पंख्याचा वेग २० टक्के वाढला की त्याची वीज सुमारे ७३ टक्के वाढते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. ८ चे १४ झाले. यंत्रांची वीज आता १०६, एकूण १५१. वीज वाढली! पण पीयूई काढा: १५१ भागिले १०६, म्हणजे १.४२. माप म्हणते सुधारणा झाली. का? कारण आतला पंखा 'थंडावा' या खात्यात धरला जात नाही, 'यंत्र' या खात्यात धरला जातो.

दुसरे उदाहरण उलटे. कोणी शहाण्या माणसाने पाहिले, की पुष्कळ सर्व्हर नुसते जागे आहेत, काम काही नाही. त्याने ते बंद केले. यंत्रांची वीज १०० वरून ८० झाली. थंडावा त्या प्रमाणात घटत नाही, समजा ५० वरून ४६ वर आला. एकूण १२६. तब्बल २४ किलोवॅट वाचले. पीयूई? १२६ भागिले ८०, म्हणजे जवळजवळ १.५८. माप म्हणते बिघाड झाला.

यात गणिताची चूक नाही, सीमारेषेची आहे. 'उपयोगी काम' आणि 'वरखर्च' यांच्यामध्ये पीयूईने रेघ ओढली, आणि रेघेच्या आत जे काही आले ते सगळे उपयोगी मानले. रिकामा सर्व्हर उपयोगी. कोणी कधीही न उघडणाऱ्या फाइलसाठी फिरणारी डिस्क उपयोगी. साधन चांगले की वाईट हे साध्यावरून ठरते, हे ॲरिस्टॉटलपासून आम्ही वर्गात शिकवत आलो. इथे साध्याची जागा साधनानेच घेतली आहे.

ही रेघ प्रत्यक्षात किती पुसट आहे, हे डिस्कच सांगते. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधले इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रॅकसमोर उभे राहून मोठ्याने ओरडले, आणि पडद्यावर दिसले की त्या क्षणी डिस्क मंद झाल्या. त्याची चित्रफीत प्रसिद्ध आहे. आवाजाच्या कंपनाने वाचणारे टोक सूक्ष्म प्रमाणात हलते, चुकलेले वाचन पुन्हा करावे लागते. आता विचार करा: थंडाव्यासाठी जे पंखे जोरात फिरवता, त्यांचेही कंपन असते. म्हणजे पंखा वाढवावा तर डिस्क अडखळण्याची भीती, कमी करावा तर उष्णतेची; एसएसडी फार तापली तर ती स्वतःच वेग कमी करून घेते. साठवणीचा वेग, वीज आणि थंडावा ही तीन खाती नाहीत, एकच गाठ आहे. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्क तपासून सांगितले, की तापमान आणि डिस्क बिघडणे यांचा संबंध समजला जात होता तेवढा घट्ट नाही. म्हणजे 'जेवढे थंड तेवढे सुरक्षित' हाही पुष्कळसा समजच. नियम सांगणाऱ्या अमेरिकी संस्थेची, ॲश्रेची, आजची शिफारस सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश आहे. आपल्याकडच्या ऑफिसातला एसी याहून थंड असतो कधी कधी!

आता हे कोकणात आणू. नागपूरचा माणूस उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावतो आणि ४५ अंशांतही झोपतो. तोच कूलर बोर्लीत लावा. खोलीत दमटपणा वाढेल, गारवा यायचा नाही. माठाचेही तसेच. कारण पाणी वाफ होताना थंडावा देते, आणि दमट हवा आणखी वाफ घेत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळले तर तो जिथवर उतरतो ती खरी मर्यादा. मे महिन्यात नागपूरचे साधे तापमान आपल्याहून दहा अंश चढे, पण ओल्या फडक्याचे आपल्यापेक्षा कमी. म्हणून थंड देशांतले, बाहेरची हवा आत घेऊन मिळवलेले उत्तम पीयूईचे आकडे मुंबई, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात जसेच्या तसे आणता येत नाहीत. आणि देशातली सर्वांत जास्त डेटा सेंटरे नेमकी याच पट्ट्यात आहेत, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि बँका, शेअर बाजार तिथे आहेत.

चिलरची वीज वाचवायला पाणी उडवता येते. पण पाणी पीयूईत धरत नाहीत. त्याचे वेगळे माप आहे आणि ते फार कमी ठिकाणी सांगितले जाते. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता नेते. या हिशेबाने १ मेगावॅटची उष्णता केवळ पाणी उडवून काढायची तर दिवसाला ३५-३६ हजार लिटर लागतील. १० हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, हे ज्या रायगड जिल्ह्यात होते, तिथे हा आकडा कागदावर आलाच पाहिजे.

यावर उपाय आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेतला महासंगणक थेट द्रवाने थंड केला जातो. तप्त चिपजवळून नळीतून द्रव फिरतो, हवेचा आणि पंख्यांचा आधार कमी लागतो. सारख्या आकारमानाचे पाणी हवेच्या हजारोपट उष्णता वाहून नेऊ शकते. त्या महासंगणकाचे नाव 'परम ब्रह्म'. निर्गुण निराकार ब्रह्म आम्ही आयुष्यभर शिकवले. हे ब्रह्म तापते आणि त्याला नळ जोडावा लागतो, ही भर अद्वैत वेदान्तात अजून पडायची आहे. (हशा)

आता सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. तत्परता महाग आहे असे म्हणालो. मग ती कोणाच्या वाट्याला येते?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. पुढचे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर गप्प झाले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. त्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, पुढच्याच महिन्यात, जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीच्या एनएम-१ या डेटा सेंटरचे उद्घाटन झाले. क्षमता सुमारे ५० मेगावॅट, प्रमाणपत्र अपटाइम इन्स्टिट्यूटचे, टिअर फोर, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी. या श्रेणीशी उद्योगात ९९.९९५ टक्के उपलब्धता जोडली जाते. त्याचा अर्थ, वर्षात सारी मिळून सुमारे २६ मिनिटे बंद.

एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एकीकडे २६ मिनिटांचे वचन आणि दुसरीकडे आठवडे. पुढे १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. शेअर बाजार मात्र चालू राहिला. दोन स्वतंत्र वीजमार्ग, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर यांच्या जोरावर यंत्रे जागी राहू शकतात. माणसे राहू शकत नाहीत.

यात त्या केंद्राचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आपले काम नीट केले. आणि एक गोष्ट विसरू नका: ते बंद पडले असते तर त्याचा फटका बोर्लीलाही बसू शकला असता. नारळवाला आज यूपीआयवर पैसे घेतो. सातबारा ऑनलाइन आहे. मच्छीमाराला वादळाचा इशारा फोनवर येतो. 'सर्व्हर डाऊन आहे' हे शब्द ऐकून तालुक्याहून रिकाम्या हाताने परतणे काय असते, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा 'हे सगळे नको' ही भूमिका आमची नाही, आणि ती प्रामाणिकही ठरणार नाही.

आक्षेप मोजमापावर आहे. सर्व्हरच्या तत्परतेला आपण २६ मिनिटांपर्यंत मोजले, कारण तिला ग्राहक आहे आणि करार आहे. पण त्या सर्व्हरवरची माहिती माझ्या हातात यायला शेवटचा विजेचा खांब आणि शेवटचा टॉवर उभा लागतो. तो तुटला तर पनवेलच्या डिस्कवर माझा सातबारा तीन प्रतींत सुरक्षित असून मला त्याचा काही उपयोग नाही. सेवा म्हणजे साखळी. तिचे बळ सर्वांत कच्च्या कडीएवढे. आपण साखळीच्या एका टोकाला सोन्याची कडी लावली, दुसरे टोक सुतळीने बांधले, आणि मोजमाप मात्र सोन्याच्या कडीचेच करतो आहोत.

ही चर्चा आता का? कारण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या १२ औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यात आपले शेजारचे दिघी आहे. तिथे कोणते उद्योग येतील हे काळ ठरवेल. पण उद्या कोणी डेटा सेंटरचा प्रस्ताव घेऊन आला, तर तो सादरीकरणात एक सुंदर पीयूई दाखवील. ग्रामसभेत बसणाऱ्यांनी त्या आकड्याने दबून जाऊ नये, म्हणून चार प्रश्न देऊन ठेवतो.

एक, गुणोत्तर राहू द्या, वर्षाला एकूण किती युनिट? ५० मेगावॅट वर्षभर पूर्ण भाराने म्हणजे सुमारे ४३ कोटी ८० लाख युनिट, महिना १०० युनिट वापरणाऱ्या साडेतीन लाखांहून जास्त घरांची वीज. ही ताकद गावात येणार असेल तर गावाची वाहिनी तिच्याबरोबर भक्कम होणार का?

दोन, एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती लिटर पाणी, आणि कुठून?

तीन, यंत्रांपैकी खरोखर कामात किती आणि नुसती जागी किती? जुनी, क्वचित लागणारी माहिती निजवून ठेवण्याची सोय आहे का?

चार, वादळ आले तर तुमचे जनरेटर आणि तुमची केबल यांतला काही वाटा आरोग्य केंद्राला, टॉवरला, पाणी योजनेला मिळेल का? तसे करारात लिहाल का?

चौथा प्रश्न ऐकून काही जण हसतील. हसू द्या. पण तत्परता ही जर पायाभूत सुविधा असेल, आणि सरकारने तसे यादीत लिहिलेच आहे, तर पाया सगळ्या घराचा असतो.

आणि एक प्रश्न आपला आपल्यालाही. रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे, एकाच सूर्यास्ताचे दिवेआगरच्या किनाऱ्यावर काढलेले चाळीस फोटो, यांतले काय क्षणात मिळायला हवे, काय दोन मिनिटांनी मिळाले तरी चालेल, आणि काय नाही मिळाले तरी चालेल? पुसून टाका असा उपदेश आम्ही करत नाही. एका माणसाच्या पुसण्याने डिस्क थांबत नाही. पण काय जपायचे हे ठरवणे माणसाचे काम आहे. ते आपण सोडून दिले, म्हणून यंत्राला सगळेच जागे ठेवावे लागते.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.